ब्रदर म्हणजे अर्धवट फादर नव्हे

'ब्रदर म्हणजे फादर होण्याआधीची पायरी' असं कॅथलिक चर्चमधल्या ब्रदरांबद्दल कुणीतरी लिहिलंय. आपल्याकडे सेमिनरीत, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या विद्यालयात, शिकणाऱ्यांनाही ब्रदर म्हणतात, त्यामुळे हा घोळ होतो. पण द ला साल ब्रदर्सच्या, म्हणजे शाळेत शिकवणाऱ्या ब्रदरांच्या, संघात मुळात कुणी पाद्री होतच नाही. १६८०च्या सुमारास फ्रान्समधल्या रँस शहरात हा संघ उभा राहिला. संस्थापक द ला साल स्वतः धर्मगुरू होते, तरी त्यांनी ब्रदरांना मिस्साच्या (चर्चमधल्या मुख्य उपासनेच्या) वेदीपासून लांब ठेवलं, कारण एकच: मग शाळेकडे लक्ष कोण देणार? गरिबांच्या मुलांना लॅटिनऐवजी फ्रेंचमधून वाचायला शिकवायचं, हेही त्यांचंच. (मातृभाषेतून शिक्षणाचा आपला वाद किती जुना आहे पाहा.)

परदेशी गेलेले ब्रदर 'धर्मप्रसारालाच' जातात, हेही सरसकट पटत नाही. याच संघातले ब्रदर जोसेफ मॅकनली घ्या. जन्म १९२३, आयर्लंडच्या मेयो परगण्यातला. १९४६ला सिंगापूरला शिकवायला गेले. पुढे मलायातही शिकवलं, मुख्याध्यापक झाले. पण माणूस मुळात शिल्पकार! साठी ओलांडल्यावर, १९८४मध्ये, सिंगापूरच्या सेंट पॅट्रिक्स शाळेच्या आवारात त्यांनी कलाशिक्षण सुरू केलं, तेच आजचं लासाल कला महाविद्यालय. पुढच्याच वर्षी सिंगापूरचं नागरिकत्वही घेतलं. शिल्पांसाठी लाकूड मात्र आयरिश: तिथल्या दलदलीत हजारो वर्षं गाडलं गेलेलं काळं ओक. २००२मध्ये ते गेले, तेही आयर्लंडमध्येच.