कराडच्या जुन्या खून खटल्यावर पॉडकास्ट करायचाय, कागद कुठून मिळवायचे?

कोयनाकाठ: कराड तालुक्यातल्या एका जुन्या खुनावर सहा भागांचा मराठी पॉडकास्ट करायचा आहे. सत्र न्यायालयात जन्मठेप झाली, अपील उच्च न्यायालयात प्रलंबित आहे. दोषारोपपत्राची प्रत कुठे मिळेल? साक्षीदारांशी बोललं तर चालेल का?

कोर्टआवार: दोषारोपपत्राच्या मागे लागू नका. तो सार्वजनिक दस्तऐवज नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केलंय. आधी निकालपत्र काढा. न्यायालयांच्या ई-कोर्ट्स या संकेतस्थळावर जिल्हा सातारा, पण न्यायालय संकुल कराड निवडायचं. तिथं सातारा ठेवलं तर केस सापडत नाही आणि नोंदच नाही असं वाटतं. कोणत्या साक्षीदारावर विश्वास ठेवला, कोणता पुरावा का नाकारला, कोणता पंच फितूर झाला, सगळं निकालपत्रात असतं. त्यातले निशाणी क्रमांक (पुराव्यातल्या कागदांना न्यायालयानं दिलेले क्रमांक) टिपून नेमक्या तेवढ्याच कागदांसाठी न्यायालयाच्या नक्कल विभागात (प्रती देणाऱ्या) अर्ज करा. तुम्ही पक्षकार नाही, त्यामुळे कारण लिहावं लागेल आणि न्यायालयाची परवानगी लागेल. ‘अख्खी फाईल द्या’ म्हटलं की अर्ज अडकलाच.

अपील मुंबईच्या यादीत नसेल तर उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे शोधा. सातारा-सांगलीची प्रकरणं १८ ऑगस्ट २०२५ पासून तिकडे आहेत.

उलटतपासणी: साक्षीदारांना आत्ता हात लावू नका, असंच माझं स्पष्ट मत. अपील निकाली निघेपर्यंत न्यायालय अवमान कायद्याच्या दृष्टीनं खटला प्रलंबितच असतो. फेरसुनावणीचा आदेश झाला तर तेच लोक पुन्हा पिंजऱ्यात येतील आणि तुमच्या रेकॉर्डिंगमधलं एखादं वेगळं वाक्य बचाव पक्ष त्यांच्यासमोर ठेवेल. पुढे कधी बोललात तर ‘काय पाहिलं?’ एवढंच विचारा. ‘तो कोयता घेऊन पळत होता ना?’ असं विचारलं की तो कोयता त्यांच्या आठवणीत जाऊन बसतो. रेकॉर्डिंगची मूळ फाईल न कापता जपा.

ऑस्ट्रेलियात १९८२ साली बेपत्ता झालेल्या महिलेचं प्रकरण ‘द टीचर्स पेट’ या पॉडकास्टनं २०१८ मध्ये घराघरात नेलं. त्याच गाजावाजामुळे २०२० मध्ये न्यायालयानं खटला काही काळ थांबवला, मग तो ज्यूरीविना चालला. पती दोषी ठरला २०२२ मध्ये. आपल्याकडे ज्यूरी नाही, पण साक्षीदार त्याच वाडीत राहतात आणि भाग त्यांच्याही मोबाईलवर पोचतो.

कोर्टआवार: एक राहिलं. प्रकरणात लैंगिक अत्याचाराचं कलम असेल तर पीडितेचं नावच काय, वाडी, शाळा, वडिलांचं दुकान, काहीच सांगता येत नाही. ती हयात नसली तरीही नाही, आणि घरच्यांचा होकार पुरत नाही. भारतीय न्याय संहिता कलम ७२, दोन वर्षांपर्यंत कैद.