मदत हवी आहे : चंद्रोदयाचा उशीर रोज सारखा का नसतो?

नमस्कार. चंद्र रोज सरासरी ५० मिनिटे उशिरा उगवतो, याचे कारण मला समजते. तो ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर रोज सुमारे १३ अंश पूर्वेकडे सरकतो, सूर्यही त्याच दिशेने सुमारे १ अंश सरकतो आणि उरलेला १२ अंशांचा फरक भरून काढायला पृथ्वीला, दर अंशाला ४ मिनिटे या हिशेबाने, तेवढे जास्त फिरावे लागते.

माझी अडचण प्रत्यक्ष नोंदींची आहे. गच्चीच्या कठड्यावर चंद्राची तांबूस कड दिसली की मी लगेच वहीत वेळ लिहितो. उत्तर गोलार्धातून पाहताना सप्टेंबरच्या पौर्णिमेनंतर हा उशीर ५० मिनिटांपेक्षा बराच कमी भरला, तर मार्चच्या पौर्णिमेनंतर जास्त. सप्टेंबरमध्ये त्या वेळी चंद्राचा मार्ग पूर्व क्षितिजाशी लहान कोन करतो, म्हणून तो पूर्वेकडे सरकला तरी क्षितिजाखाली फारसा उतरत नाही, असे मला वाटते, आणि हे स्पष्टीकरण मला फार देखणे वाटते.

पण चंद्राची कक्षा लंबवर्तुळाकार आहे. पृथ्वीपासूनचे त्याचे अंतर साधारण ३,६३,००० ते ४,०५,००० किलोमीटर असते आणि जवळ असताना तो वेगाने सरकतो. नोंदींमधून हे दोन परिणाम वेगळे कसे काढावेत? तसेच कोनाचा हा परिणाम सातवीच्या मुलांना पृथ्वीगोल आणि चेंडू घेऊन कसा दाखवता येईल? कोणी करून पाहिले असल्यास कृपया सविस्तर सांगावे.