विमानतळावरची अंगझडती: हात लावण्याआधी सांगणं बंधनकारक असावं का?

केतकी

तपासणी व्हायलाच हवी, त्यावर मला वाद घालायचा नाहीये. ती ज्या मुकेपणाने होते त्याबद्दल बोलायचंय. बेल्ट काढा, हात वर, इकडे या, वळा. एवढंच कानावर पडतं. मशीन वाजलं तर पुढे काय होणार, अंगाला कुठे हात लागणार, किती वेळ थांबावं लागणार, यातलं काही कोणी सांगत नाही.

आईच्या दोन्ही गुडघ्यांत कृत्रिम सांधे आहेत, म्हणजे दारातून जाताना मशीन वाजणारच. परवा वाजलं. तिने पर्समधलं डॉक्टरांचं कार्ड दाखवायला हात घातला तर पर्स आधीच पट्ट्यावरून पुढे गेलेली. झडती घेणाऱ्या बाईंनी एक अक्षर न बोलता तिला बाजूला घेतलं आणि रांगेतल्या सगळ्यांसमोर पायावरचा कपडा गुडघ्याच्या वर घ्यायला लावला. आडोशाची खोली तीन पावलांवर होती, दार उघडं होतं. आईने विचारलं, "आत जाऊ या का?" उत्तर आलं, "लवकर करा." हे चाललेलं असताना तिची पर्स आणि फोन पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला कोणाच्याही हाताला लागतील असे पडून होते. तिची नजर सारखी तिकडे. आई सत्तरीची आहे. विमानात बसल्यावरही बराच वेळ ती माझ्याशी बोलली नाही.

माझं म्हणणं: हात लावण्याआधी कुठे आणि कशासाठी ते एका वाक्यात सांगणं नियमाने बंधनकारक करावं. आडोसा प्रवाशाने मागायची वाट न पाहता आपणहून विचारावा. आणि झडती चालू असताना सामान माणसाच्या नजरेसमोर असावं. तुम्हाला काय वाटतं?

ठोकताळा

आईंना त्रास झाला हे वाचून वाईट वाटलं. तरीही मी सहमत नाही.

यातला एकही नियम कोणाला छळायला केलेला नाही. डिसेंबर 2001 मध्ये पॅरिसहून मायामीला निघालेल्या विमानात एकाने बुटात लपवलेली स्फोटकं पेटवायचा प्रयत्न केला. सहप्रवाशांनी आणि कर्मचाऱ्यांनी त्याला धरलं म्हणून ती माणसं वाचली. ऑगस्ट 2006 मध्ये ब्रिटिश पोलिसांनी एक कट उधळला, त्यात सॉफ्ट ड्रिंकच्या बाटल्यांमधून द्रव स्फोटकं विमानात न्यायची होती. हातातल्या सामानात 100 मिलीपेक्षा मोठी द्रवाची बाटली नको, हा नियम तिथून आला. 25 डिसेंबर 2009 ला अॅम्स्टरडॅम-डेट्रॉइट विमानात एकाने अंतर्वस्त्रात शिवलेली स्फोटकं नेली. त्यात धातू नव्हता, म्हणून मेटल डिटेक्टरचा काही उपयोग नव्हता. जिथे हात लावायला सगळ्यांना संकोच वाटतो तीच जागा त्याने निवडली होती.

आता तुम्ही म्हणता की आधी सांगा. मशीनला काय दिसलं, कुठे दिसलं हे प्रत्येकाला सांगत बसलं तर मशीनला काय दिसत नाही हेही हळूहळू सगळ्यांना कळेल. शिवाय मागे शेकडो लोक उभे असतात, त्यांचीही विमानं असतात.

रेघोटी

ठोकताळा, तुम्ही सांगितलेल्या घटना खऱ्या आहेत, पण निष्कर्ष पटत नाही. प्रत्येक नियम आदल्या हल्ल्यावरचं उत्तर आहे आणि एकदा आला की तो जात नाही. बूट काढायची सक्ती अमेरिकेत 2006 ला आली आणि जुलै 2025 मध्ये उठली. जवळपास दोन दशकं. याच काळात बऱ्याच देशांत सरसकट बूट काढायला लावत नव्हते. त्यांची विमानं काही बुटांमुळे पडली नाहीत.

आणि एवढं सगळं करून हाती काय लागतं? 2015 मध्ये अमेरिकेत तिथल्याच गृहसुरक्षा खात्याच्या लोकांनी साध्या वेषात नकली बॉम्ब आणि शस्त्रं घेऊन तपासणी पार करून बघितली. 70 पैकी 67 वेळा ते निसटले. बातमी बाहेर आल्यावर तपासणी यंत्रणेच्या हंगामी प्रमुखांना पदावरून हलवलं. सत्तरीच्या बाईंना भर रांगेत गुडघे दाखवायला लावणारी यंत्रणा तीच, आणि हे सुटून जातं तीही तीच. कडकपणा आणि सुरक्षितता एकच आहे असं धरून चालू नका.

जुना_पहारेकरी

मी हे काम बरीच वर्षं केलंय, आता सोडलंय. कुठे ते लिहीत नाही. इथे सगळे रांगेच्या एका बाजूने बोलताहेत म्हणून दुसरी बाजू लिहितो.

मॉनिटरवर बसलेल्या माणसाला प्रत्येक बॅगेला मोजके सेकंद मिळतात. कपडे, साबण, कागद, खाण्याचे पदार्थ नारिंगी दिसतात, स्टील निळं, या दोन्हींच्या मधलं सामान हिरवं. स्फोटकंही नारिंगीतच मोडतात, म्हणून चीजचा मोठा तुकडा किंवा जाड पुस्तक दिसलं की बॅग बाजूला काढावी लागते. लॅपटॉप वेगळा काढायला का सांगतात असं लोक वैतागून विचारायचे. त्याची बॅटरी आणि सर्किट इतकी दाट दिसतात की खाली काय आहे ते कळत नाही. नव्या सीटी मशीनमध्ये बॅगेचं चित्र सगळीकडून फिरवून बघता येतं, तिथे लॅपटॉप आतच राहू देतात.

नजर थकते. युरोपच्या नियमात सलग 20 मिनिटांपेक्षा जास्त वेळ सहसा स्क्रीनसमोर बसवू नये असं लिहिलंय, ते उगीच नाही. हजारो बॅगांत एखादीच वाईट निघणार असते, त्यामुळे मेंदू काहीच नाही असं गृहीत धरायला लागतो. म्हणून मशीन मधूनच पडद्यावर एखाद्या बॅगेत पिस्तुलाचं खोटं चित्र टाकतं. ते नजरेतून सुटलं की नोंद होते. त्या ताणात माणूस उठून झडतीला उभा राहतो, आणि समोरचा म्हणतो, "मी काय अतिरेकी वाटतो का?" दिवसभर.

अजून एक. दारातलं मशीन प्रत्येक वेळी धातूमुळेच वाजतं असं नाही. बऱ्याच ठिकाणी ते अधूनमधून उगीच वाजावं असं लावून ठेवलेलं असतं, म्हणजे कोणाची झडती घ्यायची हे आमच्या मर्जीवर राहत नाही. ते आम्ही सांगत नाही. प्रवासी खिसे चाचपत बसतो आणि आम्ही गप्प असतो, ते यामुळे.

आडोशाबद्दल. आमच्याकडे प्रवाशाला आत न्यायचं तर दोन कर्मचारी लागायचे, एक झडतीला आणि एक साक्षीला. बाईमाणूस असेल तर दोन्ही बायका. एका रांगेवर एकच बाई ड्यूटीला असेल तर ती कोणाला घेऊन जाणार? तिने रांग थांबवली की वरून बोलणी तिलाच बसतात. केतकीताईंच्या आईंशी जे झालं ते चूकच होतं. पण बंधनकारक नियम केला की तो मोडल्याची शिक्षा त्या एकट्या बाईला होईल, तिथे दुसरी बाई न देणाऱ्याला होणार नाही.

निरांजन

मला टाइप वन मधुमेह आहे, पोटावर इन्शुलिन पंप असतो. कंपनीने लिहून दिलंय की पंप एक्सरेच्या पट्ट्यावर ठेवू नका आणि बॉडी स्कॅनरमध्येही नेऊ नका. म्हणून मी आपणहून सांगते: माझी हाताने झडती घ्या. म्हणजे झडती नको म्हणणारी मी नाही, ती मागणारी आहे.

तरी दरवेळी नव्याने समजावून सांगावं लागतं. एकदा एका बाईंनी "हे काढून ट्रेमध्ये ठेवा" म्हणून नळीलाच हात घातला. नळी ओढली गेली तर पोटातली सुई निघते आणि इन्शुलिन बंद होतं. त्यांनी हात लावण्याआधी "इथे हात लावू का?" एवढं विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. तेव्हा ठोकताळा, आधी सांगण्याचा संबंध फक्त संकोचाशी नाही. पंप असेल, पेसमेकर असेल, ताजं ऑपरेशन असेल, तर न विचारता लावलेल्या हाताने इजा होऊ शकते. पेसमेकरवाल्यांना तर डॉक्टर बजावून सांगतात की हातातलं डिटेक्टर छातीशी धरून ठेवू देऊ नका. ते सांगायला संधी तर मिळायला हवी!

पंप हाताळल्यावर स्फोटकांचे कण आहेत का ते बघायला तळहातावरून कापडाची पट्टी फिरवतात आणि मशीनमध्ये घालतात. ती एकदा वाजली. बहुतेक हाताच्या क्रीममधल्या ग्लिसरीनमुळे, कारण त्याने अशी खोटी घंटा वाजू शकते हे नंतर कळलं. त्या वेळी कोणी बोललं नाही. चौघं येऊन उभे राहिले, सामान उलटंपालटं केलं, आणि मग "जा" म्हणाले. कशाबद्दल थांबवलं होतं ते आजतागायत कोणी सांगितलेलं नाही.

वाटसरू

उपाय सोपा आहे. वारंवार प्रवास करणाऱ्यांची आधीच चौकशी करून त्यांना वेगळी रांग द्यावी. अमेरिकेत 2011 पासून अशी सोय आहे. बूट, लॅपटॉप, काही काढावं लागत नाही. उरलेल्यांकडे कर्मचाऱ्यांना जास्त लक्ष देता येईल.

रेघोटी

वाटसरू, त्या रांगेला पैसे पडतात. म्हणजे फी भरणाऱ्याला सन्मानाने वागवायचं आणि बाकीच्यांनी कपडे वर करायचे? शिवाय केतकीच्या आईसारखी एखाद्या वेळी लेकीकडे जाणारी बाई त्यात कधीच येणार नाही. जिला सगळ्यात जास्त गरज आहे तीच बाहेर.

मुक्ता

बॉडी स्कॅनरबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. बऱ्याच ठिकाणी तुम्ही आत पाऊल टाकता तेव्हा बाहेरचा माणूस स्त्री किंवा पुरुष असं बटण दाबतो, तुमच्याकडे एक नजर टाकून. त्याने दाबलेलं आणि तुमचं शरीर जुळलं नाही की पडद्यावरच्या आकृतीत नेमकी मांड्यांच्या मध्ये किंवा छातीवर पिवळी चौकट उमटते. माझ्या बाबतीत ती उमटते. मग झडती कोणी घ्यायची यावर दोन कर्मचारी माझ्यासमोर, मोठ्याने, चर्चा करतात. मला कोणी विचारत नाही. अमेरिकेने 2022 मध्ये बटणाची गरजच न पडणारी प्रणाली आणणार असं जाहीर केलं होतं, म्हणजे यंत्र बदलता येतं. ते बदलेपर्यंत निदान मला विचारा.

ठोकताळा

निरांजन आणि मुक्ता, तुमचे दोन्ही मुद्दे मान्य. वैद्यकीय उपकरण असेल किंवा झडती कोणी घ्यावी हा प्रश्न असेल, तिथे विचारायलाच हवं.

पण केतकीताईंची मागणी सरसकट आहे. प्रत्येकाला, प्रत्येक वेळी. आधी सांगितलं की माणूस वाद घालतो: तिथे का, आत्ता का, नको. ज्याच्या अंगावर खरंच काही आहे त्याला तेवढाच वेळ मिळतो. झडतीत अनपेक्षितपणा असणं गरजेचं आहे, पहारेकरीदादांनीच उगीच वाजणाऱ्या मशीनचं सांगितलं. माझ्या बहिणीची मुलं विमानाने जातात तेव्हा मला वाटतं, कोणाचा थोडा अपमान झाला तरी चालेल, काही सुटायला नको.

केतकी

ठोकताळा, भाच्यांची काळजी मी समजू शकते. माझी आईही त्याच विमानात असते.

यंत्राचं गुपित मी मागतच नाहीये. मशीन कशामुळे वाजलं ते सांगू नका. कोणाला थांबवायचं तेही सांगू नका. थांबवल्यानंतर "आता गुडघ्यापासून खाली हात लावते" एवढंच म्हणा. नर्स इंजेक्शन देताना "टोचतंय हं" म्हणते, त्याने इंजेक्शन टळत नाही. थांबवलेल्या माणसाच्या अंगावर काही असेल तर ते त्या वाक्याने गायब होणार नाही, तो तुमच्यासमोरच उभा आहे.

आणि अपमान झाला तरी चालेल हे गणित मला मान्य नाही, कारण ते खोटं ठरलेलं आहे. शरीराची जवळजवळ उघडी प्रतिमा दाखवणारे जुने स्कॅनर आठवतात का? तेव्हाही हेच म्हणत होते की सुरक्षिततेसाठी एवढं सोसा. लोकांनी तक्रारी केल्या, कोर्टात गेले, अमेरिकेच्या संसदेने मुदत घातली, आणि 2013 मध्ये तिथल्या विमानतळांवरून ती यंत्रं काढली. त्या जागी साधी आकृती दाखवणारी आली. तपासणी बंद पडली नाही. लोक गप्प बसले असते तर आजही तीच यंत्रं असती.

पहारेकरीदादा, एकट्या बाईला शिक्षा होईल हे तुमचं म्हणणं खरं आहे, त्याचा मी विचार केला नव्हता. मग नियमातच लिहू या की प्रत्येक तपासणी केंद्रावर दोन महिला कर्मचारी असल्याशिवाय महिलांची रांग सुरू करायची नाही. जबाबदारी ड्यूटी लावणाऱ्याची.

जुना_पहारेकरी

तसं लिहिलं तर पहाटेच्या पाळीला महिलांची रांग सुरूच होणार नाही, हे मी आत्ताच सांगतो. बायका तासन्‌तास खोळंबतील आणि शिव्या पुन्हा दारावरच्या माणसालाच.

सांगून हात लावायचं आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं होतं. पहिल्या आठवड्यात सगळे सांगतात. गर्दीच्या पाळ्या सुरू झाल्या की ते वाक्य सगळ्यात आधी सुटतं, कारण रांग किती वेगाने सरकली ते मोजलं जातं आणि ते वाक्य म्हटलं की नाही हे कोणी मोजत नाही. नियम करायचाच असेल तर मोजमापाचा करा. दर पाळीला वरिष्ठाने काही झडत्या उभं राहून बघाव्यात आणि ते वाक्य ऐकलं का ते लिहावं. महिलांच्या रांगेच्या अटीला माझा विरोध कायम आहे.

निरांजन

पहारेकरीदादा, मोजायचंच तर प्रवाशालाही विचारा. बाहेर पडताना हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांची बटणं असतात, ती स्वच्छतेबद्दल विचारतात. झडतीनंतर एकच प्रश्न ठेवा: हात लावण्याआधी सांगितलं का? हो किंवा नाही. यात रांग अडत नाही, कर्मचारी वाढवावा लागत नाही, यंत्राचं काही उघड होत नाही.

ठोकताळा

याला माझी हरकत नाही. फक्त उत्तर कर्मचाऱ्याच्या नावाशी जोडू नका, पाळीशी जोडा. नाहीतर झडती कडक घेणाऱ्याला मुद्दाम 'नाही' दाबणारे निघतील.