प्रोफाइल भरा म्हणे, जोडीदार आपोआप सापडतो!

पऱ्हाटी
परवापासून प्राध्यापकांच्या सगळ्या ग्रुपवर एक पोस्ट फिरून राहिली आहे. म्हणणं थोडक्यात असं: ‘विदर्भातल्या ग्रामीण कॉलेजांत संशोधन होत नाही, कारण तिथले प्राध्यापक ऑनलाइन दिसतच नाहीत. ऑर्किड म्हणजे संशोधकाचा ऑनलाइन ओळख क्रमांक काढा, गूगल स्कॉलरवर आपल्या पेपरांचं पान भरा, कोणी कोणासोबत पेपर लिहिले ते दाखवणारा सहलेखकांचा नकाशा पाहा, संशोधनातला जोडीदार आपोआप मिळेल. निमित्तं पुरे झाली.’ खाली अंगठ्यांची रांग. म्हटलं, आता बोलायलाच पाहिजे.

तर साहेब, माझं सगळं आहे. ऑर्किड आहे, स्कॉलर आहे, रिसर्चगेट आहे. विद्वान या संशोधकांच्या सरकारी पोर्टलवर तर कॉलेजाचं मूल्यांकन करणारी नॅकची समिती येणार म्हणून अख्ख्या स्टाफला एका दुपारी बसवून खाती उघडायला लावली होती. फोटोसाठी एकच कोट सगळ्यांनी आळीपाळीने घातला. त्यातून आजवर काय मिळालं? ‘डिअर एमिनंट प्रोफेसर’ म्हणून सुरू होणारे आणि पेपर छापायचे पैसे मागून संपणारे मेल.

मी सूक्ष्मजीवशास्त्राचा. वरूड-मोर्शीकडच्या संत्र्याच्या डिंक्यावर, म्हणजे खोडातून डिंक गळायच्या रोगावर काम करतो; तो रोग आणणारा सूक्ष्मजीव फायटोफ्थोरा आणि त्याला आवर घालणारी बुरशी ट्रायकोडर्मा. नकाशाचं एवढं कौतुक ऐकून तो काढायचं सॉफ्टवेअर, व्हीओएसव्ह्यूअर, उतरवून घेतलं. लायडन विद्यापीठाचं आहे, फुकट आहे, चालतंही बरं. मित्राकडून स्कोपसची, म्हणजे पेपरांची नोंद ठेवणाऱ्या विकतच्या साठ्याची, फाईल आणवली आणि घातली. शेवटी ते विचारतं, तुमच्या जाळ्यातले काही घटक एकमेकांशी जोडलेले नाहीत, फक्त सगळ्यात मोठा जोडलेला गट दाखवू का? मी हो म्हटलं. रंगीत ठिपके आले, रेषा आल्या. मी नाही, माझे विद्यार्थी नाहीत. ज्याला जोडीदार नाही त्यालाच पुसणारा नकाशा, आणि तो जोडीदार शोधायला वापरायचा!

अडचण दिसण्याची नाही हो. सीएचबीवरचा, म्हणजे तासिका तत्त्वावरचा माणूस दोन कॉलेजांचे तास घेऊन एसटीत झोपतो. निर्जंतुक करायचा ऑटोक्लेव्ह आहे तर त्याच्या झाकणाचं गॅस्केट नाही. डीएनए सिक्वेन्सिंगचं बिल कोणत्या हेडखाली टाकायचं यावर लेखा विभागात महिना जातो. यूजीसीचे मायनर प्रोजेक्ट मिळत होते तोवर निदान रसायनं तरी येत. यावर कुठलं पोर्टल आहे ते त्या पोस्टवाल्यांनी सांगावं.

ग्रंथालयातला
सर, आमच्या कॉलेजात ती खाती उघडून देणारा मीच, त्यामुळे थोडं लागलं. पण त्या प्रश्नाला ‘नाही’ असंही बटण आहे. ते दाबलं की सुटे ठिपकेही दिसतात. त्याआधी किमान किती पेपर असलेला लेखक घ्यायचा ते विचारतं, तिथे आकडा एकवर आणा. न वाचता ‘हो’ दाबायचं आणि मग नकाशाने पुसलं म्हणायचं, हे काही पटत नाही.

दुसरं. ऑर्किडचा सोळा अंकी नंबर काढून आत एकही पेपर जोडला नाही तर त्याचा उपयोग शून्य. आणि तुमच्या पेपरांवर कॉलेजचा पत्ता काय छापला आहे ते बघा. ‘आर्ट्स, कॉमर्स अँड सायन्स कॉलेज’, बस. गावच नाही. या नावाची कॉलेजं विदर्भात तालुक्यातालुक्यात आहेत. एका पेपरवर संस्थेचं पूर्ण नाव, दुसऱ्यावर संस्थापकांची आद्याक्षरं, तिसऱ्यावर नुसतं विद्यापीठ. मशीनला ती तीन वेगळी कॉलेजं वाटतात, यात तिचा काय दोष?

दारव्हा_टू_पुणे
ग्रंथपालांशी सहमत. स्कोपसची फाईल मित्राकडून मागवायचीही गरज नाही. पेपरांची नोंद ठेवणारं मायक्रोसॉफ्ट अकॅडमिक २०२१ च्या शेवटी बंद झालं आणि त्याच्या जागी जानेवारी २०२२ मध्ये ओपनॲलेक्स आलं. खुलं आहे, फुकट आहे. विषय टाका, देश भारत निवडा, अलीकडची वर्षं घ्या, कोण काय करतंय ते समोर येतं. मी याच क्षेत्रात काम करतो म्हणून सांगतो, कोण तुटलेलं आहे हे दिसणं हाच अशा नकाशाचा निम्मा उपयोग.

आणि राग येऊ देऊ नका, पण नकाशा मेल टाकत नसतो. तुम्ही स्वतः किती जणांना लिहिलंत?

पऱ्हाटी
लिहिलं ना. एका मोठ्या संस्थेतून उत्तरही आलं: नमुने पाठवा. बर्फात घालून ट्रॅव्हल्सच्या गाडीने पाठवले. पुढे पेपर आला, त्यात माझं नाव आभारातही नाही, ‘स्थानिक सहकार्य’ एवढंच. संस्थेचं नाव विचारू नका, मला इथेच रिटायर व्हायचं आहे. आता सांगा, सहलेखकांच्या नकाशात ही रेषा कुठून काढणार? ती पेपरावरच नाही.

मृगबहार
सर, तुमाले निदान ‘स्थानिक सहकार्य’ तरी भेटलं. माती आमच्या बगीच्यातली, झाडं आमची, डिंक निघून राहिला तो आमच्या खोडातून. नमुने नेले, फोटो काढले, चहा पेले, गेले. औषध कोणतं टाकू म्हणून फोन केला तर उचलत नाहीत. आमचं नाव कोणत्या पोर्टलवर टाकता बाप्पा?

केमिस्ट्री_मॅडम
नावाचा विषय निघालाच आहे तर माझंही ऐका. माझी पीएच.डी. लग्नाआधीची. तेव्हाच्या पेपरांवर माहेरचं आडनाव आणि मधे वडिलांचं आद्याक्षर. लग्नानंतर आडनाव बदललं आणि मधे नवऱ्याचं आद्याक्षर आलं. म्हणजे दोन्हींत सारखं राहिलं ते माझ्या नावाचं पहिलं अक्षर फक्त. स्कॉलरवर मी एक, स्कोपसवर दोन, आणि त्या दोघी एकमेकींच्या सहलेखिकाही नाहीत! कॅसच्या, म्हणजे पदोन्नतीच्या फाईलीत जुने पेपर लावले तर कार्यालयातून विचारणा, ‘या बाई कोण?’ गॅझेटची प्रत द्या म्हणाले. मी गॅझेट केलंच नव्हतं. आमच्याकडे लग्न झालं की रेशनकार्डावर सासरचंच नाव लागतं, त्याला गॅझेट कोण करतं?

पुरुष प्राध्यापकांचा नकाशा सलग दिसतो आणि बायकांचा मधेच तुटतो, त्याचं कारण बुद्धी नाही.

मृगबहार
मॅडम, राग नका मानू, पण मग काऊन बदलवलं नाव? बदलवाचंच नव्हतं.

केमिस्ट्री_मॅडम
वा भाऊ! घरात नवी सून आली तेव्हा हाच प्रश्न तुमच्या आईसमोर विचारला होता का? तुमच्या सातबाऱ्यावर बहिणीचं नाव माहेरचं आहे की सासरचं, की हक्कसोड करून काढूनच टाकलं, तेही सांगा. मग मला शिकवा.

मृगबहार
सातबाऱ्यावर काऊन गेले? मी साधा प्रश्न इचारला.

दारव्हा_टू_पुणे
मॅडम, यावर तोडगा आहे. ऑर्किड २०१२ मध्ये सुरू झालं ते बरंचसं याचसाठी. एकाच नंबराखाली जुनं नाव, नवं नाव, दोन्ही टाकता येतात. स्कोपसलाही दोन प्रोफाइल एक करा म्हणून विनंती पाठवता येते. फार काही…

केमिस्ट्री_मॅडम
‘फार काही नाही’ हेच लिहिणार होतात ना? सगळं केलंय. स्कोपसवाले ऐकतील हो, आमचे बाबू ऐकत नाहीत. ऑर्किडचा कागद छापून फाईलीला लावला तर म्हणे, यावर सही-शिक्का कुठे आहे? प्रतिज्ञापत्र आणा.

माजी_प्राचार्य
आमच्या काळी ही भानगड नव्हती. काम चांगलं असेल तर जग शोधत येतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ ही संस्था सुरू केली, घरोघरच्या नवजात बालसेवेचा अभ्यास १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवून नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी खाली आणले. तेव्हा कुठे होतं ऑर्किड आणि कुठे होता नकाशा? आजचे प्राध्यापक प्रोफाइल भरतात, प्रयोगशाळेचं कुलूप मात्र उघडत नाहीत.

दारव्हा_टू_पुणे
सर, आदर ठेवून सांगतो, हे उदाहरण तुमच्यावरच उलटतं. बंग दांपत्य गडचिरोलीला जाण्याआधी अमेरिकेत, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकून आलं होतं. लॅन्सेट काय मागतं, अभ्यास कसा आखायचा, कोणाला विचारायचं, हे सगळं ते सोबत घेऊन आले. जाळं होतंच, फक्त कागदावर काढलेलं नव्हतं. ज्याला बाल्टिमोरला जायला मिळालं नाही त्याने काय करायचं, हा इथला प्रश्न आहे.

पऱ्हाटी
प्राचार्य साहेब, प्रयोगशाळेच्या कुलपाची किल्ली आमच्याकडे लॅब अटेंडंटकडे असते आणि ते पद मंजूर असून रिकामं आहे. तुमच्या काळी भरलेलं होतं का?

माजी_प्राचार्य
भरलेलं होतं. दोन होते.

पऱ्हाटी
मग झालं तर.

ग्रंथालयातला
भांडण चालू द्या, मी तेवढ्यात एक काम केलं. ‘फायटोफ्थोरा’ आणि ‘नागपूर संत्रा’ टाकून शोधगंगेवर पाहिलं. यूजीसीच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या या साठ्यात भारतातले पीएच.डी.चे प्रबंध पूर्ण वाचायला मिळतात, पैसे लागत नाहीत. विदर्भातूनच झालेला एक प्रबंध मिळाला, डिंक्यावरच, ट्रायकोडर्मावरच. पऱ्हाटी सर, तुमच्या पेपरांत त्याचा संदर्भ नाही आणि त्यात तुमचा नाही. दुवा व्यक्तिगत निरोपात टाकला आहे. बाई जवळच्याच तालुक्यात शिकवतात.

पऱ्हाटी
पाहिला. पद्धतींचं प्रकरण व्यवस्थित आहे, खोडाची साल कुठून घ्यायची तेही आमच्यापेक्षा नीट लिहिलंय. ठीक आहे, शोधगंगा कामाची आहे, लिहून घ्या. पण तुमचा तो रंगीत नकाशा इथे कुठे आला? ही प्रबंधांची साधी यादी आहे आणि शोधली माणसाने.

दारव्हा_टू_पुणे
प्रबंधाचे पेपर झाले असते तर नकाशात दिसल्या असत्या.

पऱ्हाटी
तेच तर मी पहिल्या ओळीपासून सांगून राहिलो आहे! ज्यांचे चांगल्या नियतकालिकांत पेपर होतात त्यांचाच नकाशा. आमच्याकडे वाचायलाच ती नियतकालिकं नाहीत. वन नेशन वन सबस्क्रिप्शन, म्हणजे सरकारने वर्गणी भरून नियतकालिकं वाचायला द्यायची योजना, १ जानेवारी २०२५ पासून सुरू झाली, ती सरकारी संस्थांसाठी. आमचं कॉलेज अनुदानित आणि खाजगी संस्थेचं. पगार सरकार देतं, पासवर्ड देत नाही.

ग्रंथालयातला
हे मात्र खरं. यावर माझ्याकडेही बटण नाही. पण त्या बाईंना लिहिणार की नाही?

पऱ्हाटी
लिहितो. पण आधी ठरवून घेतो, पेपरावर नाव कोणाचं आणि कितव्या जागी. बर्फाचा डबा त्यानंतर.

मृगबहार
बगीचा आमचा वापरा. कोळशीही लागली हाय औंदा, झाडं काळी पडून राहिली, तेही पाहून घ्या. पण या टायमाले औषध सांगूनच जा.

केमिस्ट्री_मॅडम
सर, शोधगंगेवर त्या बाईंचं नाव लग्नाआधीचं असेल. आता कोणत्या नावाने शिकवतात ते कॉलेजात फोन करून विचारा, नाहीतर मेल दुसऱ्याच कोणाला जाईल.

आणि कोणाला माहीत असेल तर सांगा, ते प्रतिज्ञापत्र साध्या कागदावर चालतं की ५०० चा स्टॅम्प लागतो? तहसीलमधला माणूस एक सांगतो, आमचा बाबू दुसरं.

ग्रंथालयातला
मॅडम, जो फाईल परत पाठवतो तो म्हणेल तेच. आधी त्याच्याकडून लेखी घ्या.

केमिस्ट्री_मॅडम
लेखी द्यायला तो म्हणतो अर्ज करा. अर्जावर नाव कोणतं लिहू?