ताईची झोपेची गोळी: नीट कशी द्यायची आणि थांबवायची कशी?

माझे भावोजी मागच्या महिन्यात गेले. तेव्हापासून ताईची झोप पार उडाली आहे. रात्री दोन-अडीचला उठून बसते, मग पहाटेपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही आणि दिवसभर डोकं जड. वय ५८, रक्तदाबाची गोळी चालू आहे, बाकी काही नाही. सध्या मी तिच्याकडेच राहतोय. डॉक्टरांनी झोल्पिडेम ५ मिलिग्रॅम दोन आठवड्यांसाठी लिहून दिली आहे आणि गोळ्या संपायच्या आत परत भेटायला सांगितलं आहे.

गोळीने झोप लागते. पण परवा जे झालं त्याने मी धास्तावलोय. रात्री ताई भाचीशी फोनवर बराच वेळ बोलली. सकाळी भाचीने विषय काढला तर ताईला त्यातलं एक अक्षर आठवेना. 'मी कधी बोलले तुझ्याशी?' म्हणाली आणि स्वतःच घाबरली. तेव्हापासून गोळी घ्यायलाच नको म्हणते. पण रात्री जागी राहिली की 'अजून एक दे' असंही म्हणते. मी दिली नाही.

तिचा गोळी घ्यायचा क्रम असा: जेवण झालं की साडेनऊला रक्तदाबाच्या गोळीबरोबरच ही घेऊन टाकते, मग ओटा आवरते, टीव्ही बघते आणि अकराला आडवी होते. हे बरोबर आहे का? दोन दिवसांपासून सर्दी आहे, त्याची गोळी सोबत चालेल का? एक नातेवाईक स्वतःची अल्प्राझोलामची (घबराटीवरची गोळी) पट्टी देऊ करतायत, 'ही सौम्य आहे' म्हणून. आणि सगळ्यात मोठी काळजी म्हणजे दोन आठवड्यांनी ही सुटेल ना? डॉक्टरांना उद्या फोन करणारच आहे, पण काय काय विचारायचं ते नीट कळून घ्यायचंय. मनापासून मदत हवी आहे.

प्रतिसाद:
मी फार्मासिस्ट आहे. आधी फोनचं बघू, कारण बाकी सगळं त्यावर ठरेल. ताई गोळी घेऊन जाग्याच होत्या आणि तेव्हा बोलल्या, की झोपल्यानंतर उठून बोलल्या? भाचीला फोनची वेळ बघायला सांगा. गोळी घेऊन जागं राहिलं तर शरीर चालू असतं, पण मेंदू त्या वेळच्या आठवणी साठवत नाही. या औषधाचा तो माहीत असलेला परिणाम आहे. पण झोपेतून उठून, भान नसताना फोन करणं, चालणं, स्वयंपाक करणं, गाडी चालवणं ही वेगळी गोष्ट. अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषधांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) २०१९ साली झोल्पिडेम, एस्झोपिक्लोन आणि झालेप्लॉन या झोपेच्या तिन्ही औषधांवर याच कारणासाठी सर्वांत कडक इशारा छापायला लावला. असं एकदा जरी झालं तरी ते औषध पुन्हा घ्यायचं नाही. तेव्हा डॉक्टरांशी बोलणं होईपर्यंत आजची गोळी देऊ नका.

साडेनऊची वेळ चूक आहे. ही गोळी सगळी कामं उरकून, दात घासून, अंथरुणावर बसल्यावर घ्यायची आणि लगेच दिवा मालवायचा. पुढे सात-आठ तास झोपायला मोकळे हवेत. ती जेवणावर किंवा जेवणानंतर लगेच घेतली की असर उशिरा सुरू होतो, म्हणून मध्ये वेळ जाऊ द्या. मध्यरात्री दुसरी गोळी देऊ नका. तुम्ही दिली नाहीत ते फार बरं केलंत. बायकांच्या शरीरातून हे औषध पुरुषांपेक्षा सावकाश बाहेर पडतं, म्हणून २०१३ साली एफडीएने त्यांच्यासाठी साध्या गोळीचा डोस १० वरून ५ मिलिग्रॅमवर आणला. म्हणजे तुमच्या डॉक्टरांनी दिलेला डोस योग्यच आहे, तो स्वतःहून वाढवू नका. सकाळी अंगात गुंगी वाटली तर गाडीला हात नको.

सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत क्लोरफेनिरामिन किंवा सेटिरिझिन असतं आणि त्यानेही गुंगी येते. दोन्हींची मिळून गुंगी वाढते. गोळीचं नाव डॉक्टरांना वाचून दाखवा. दारू आणि अफूजन्य वेदनाशामकं (ट्रॅमाडॉल, कोडीन) यांच्यासोबत तर अजिबात नाही, श्वास मंदावतो.

अल्प्राझोलाम 'सौम्य' नाही. रोज घेतली तर काही आठवड्यांत शरीर तिला सरावतं आणि बराच काळ घेतलेली एकदम बंद केली तर झटकेसुद्धा येऊ शकतात. ती पट्टी त्यांची त्यांना परत करा.

प्रतिसाद:
ताई घोरतात का? झोपेत श्वास अडकल्यासारखा होऊन दचकून उठतात का? असेल तर डॉक्टरांना नक्की सांगा. स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास मधेच थांबणं) असताना झोपेच्या गोळ्या जपूनच द्याव्या लागतात.

प्रतिसाद:
माझ्या आईच्या वेळी हेच सगळं मी पाहिलंय, म्हणून सुटण्याबद्दल लिहिते. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे थोडेच दिवस घेतलेली गोळी सहसा सुटते. पण बंद केल्यावर पहिली एक-दोन रात्री झोप आधीपेक्षाही वाईट होऊ शकते. नेमकं तेव्हाच घरचे म्हणतात, 'बघा, गोळीशिवाय झोपच येत नाही', आणि पट्टी परत सुरू होते. त्या रात्री येणार हे ताईंना आधीच सांगून ठेवा. आम्ही आईला सांगितलं होतं, त्यामुळे ती घाबरली नाही.

गोळी चालू असतानाच झोपेची घडी बसवायला लागा. २०१६ पासून अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स ही डॉक्टरांची संघटना जुनाट निद्रानाशावर गोळीच्या आधी सीबीटी-आय ही वर्तनोपचार पद्धत सुचवते. त्यातल्या साध्या गोष्टी आत्ताही उपयोगी पडतील. सकाळी उठायची वेळ एकच. अंथरूण फक्त झोपेसाठी. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत मंद उजेडात बसायचं, पेंग आली की परत यायचं. घड्याळ नजरेआड. चहा-कॉफी दुपारनंतर बंद.

आणखी एक, जरा नाजूक. दुःख ताजं आहे. गोळ्यांची पट्टी तुमच्या ताब्यात ठेवा आणि रोज एकच गोळी हातात द्या. 'आता जगून काय करू' असं काही बोलल्या तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका, त्याच वेळी डॉक्टरांना गाठा.

धागाकर्ता:
तुम्हा सगळ्यांचे खूप आभार. भाचीने वेळ पाहिली, फोन दहा वाजता झाला होता, म्हणजे ताई झोपायच्या आधीच. डॉक्टरांशी बोललो. त्यांनी गोळी अंथरुणावर बसूनच घ्यायला सांगितली, सर्दीची गोळी थांबवली आणि पुन्हा विसर पडला तर झोल्पिडेम बंद करून लगेच या म्हणाले. ताई घोरते, तेही सांगितलं. पुढच्या भेटीत तपासणीचं ठरवतील. पट्टी आता माझ्या कपाटात आहे.

एकच विचारायचं राहिलं. ती पहाटे चारला झोपली तरी तिला सहाला उठवायचं का? जीव होत नाही.

प्रतिसाद:
उठवा. प्रेमाने उठवा, पडदे उघडा, थोडं बाहेर उजेडात फिरवून आणा. दुपारी मात्र झोपू देऊ नका. फारच गळून गेल्या तर वीस मिनिटं, तेही तीनच्या आत. त्या दिवशी रात्री डोळे लवकर मिटतात का ते बघा आणि झोपल्या-उठल्याच्या वेळा वहीत लिहून ठेवा. पुढच्या भेटीला ती वही घेऊन जा.