मारुती 800 कारबोरेटरवाली, सेल्फ मस्त फिरतो पण गाडी चालू व्हईना गेलीय

औसा_तालुका_24:
नमस्कार मंडळी. आमच्याकडं 1997 ची मारुती 800 हाय, कारबोरेटरवाली, एमएच 24 पासिंग, वडलांनी नवीन घेतलेली. पासिंग परत करून 2027 पर्यंत घेतलंय, म्हणजे गाडी काढायची नाही हे घरात ठरलेलंच हाय. दिवाळीनंतर वडलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तवापासून गाडी पत्र्याच्या शेडमदी कडब्याच्या गंजीजवळ उभी. मी लातूरला नोकरीला, सुट्टीला आलो की बघू म्हणत सात महिने गेले. आता मृग लागला, वडलांना सोयाबीनचं बियाणं आणायला जायचंय आणि ते म्हणायलेत दुसऱ्याची गाडी नको, आपलीच काढ.
बॉनेट उघडलं तर एअर फिल्टरच्या डब्यावर उंदरानं घर केलेलं, कडब्याचे तुकडे, करडीची टरफलं, चिंध्या. ते सगळं साफ केलं. वायरी वरून तरी बऱ्या दिसतात. बॅटरी मेलेली होती म्हणून गावातल्या मेकॅनिककडून नवीन बसवली. सेल्फ एकदम जोरात फिरतो, पण इंजिन धरतच नाही, एकदा पण भक्क केलं नाही. मग त्यानं प्लग बदलले, मग प्लगला करंट देणारी कॉइल बदलली, बॅटरी धरून साडेसहा हजार गेले. आता म्हणतो कारबोरेटरच नवं टाकावं लागंल. पैशाचं एक असू द्या पण मला कळंना की बिघाड नेमका कशात हाय हे कुणी सांगंना आणि सामान मात्र बदलायलेत. घरी मी स्वतः काय काय तपासू शकतो? पाना, पक्कड, मल्टिमीटर एवढं हाय माझ्याकडं.

परभणीचा_फिटर:
भाऊ, आधी एक करा, कुठलंही सामान आता घेऊ नका. मी पंचवीस वर्षं ह्याच गाड्या खोलायलो, चालू न होणारी पेट्रोल गाडी म्हणजे चारच गोष्टी, इंजिन जोरात फिरतंय का, करंट येतोय का, पेट्रोल येतंय का, आणि हे सगळं वेळेवर येतंय का म्हणजे टायमिंग. एक एक गोष्ट पक्की करत जायचं, जी पक्की झाली तिला परत हात लावायचा नाही.
सेल्फ जोरात फिरतो म्हणता तर ते जवळपास निकालात निघालं, तरी मल्टिमीटर हाय तर बघून घ्या, उभ्या गाडीला 12.6 च्या आसपास पाहिजे आणि सेल्फ मारताना 10 च्या खाली जास्त जाऊ नाही. खाली गेलं तर बॅटरीचं अर्थिंग इंजिनला आणि बॉडीला जिथं बसतं तिथला गंज खरवडा.
आता मेन सवाल. पाच सहा वेळा सेल्फ मारून लगेच एक प्लग खोला. ओला हाय का कोरडा? नाकाजवळ धरा, पेट्रोलचा वास येतो का? तुमच्या मेकॅनिकनं नवीन प्लग टाकले पण जुने काढले तवा ते ओले होते का कोरडे हे त्यानं सांगितलं का? ओला असंल तर पेट्रोल पोचतंय, करंट शोधायचा. कोरडा असंल तर कॉइल बदलून काय उपयोग.
मग तोच प्लग वायरीला लावून त्याची धातूची बाजू इंजिनवर नीट टेकवा, हातात धरू नका, पक्कडीला रबर असंल तर त्यानं धरा, घरच्या कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. निळा, टकटक आवाजाचा करंट पाहिजे. पिवळा लाल मरतुकडा असला तर त्याला करंट म्हणत नाहीत. आणि प्लगचं भोक उघडं हाय तिथून पेट्रोलची वाफ येते, म्हणून प्लग त्या भोकापासून लांब टेकवा.
हे दोन बघून सांगा.

नांदेड_पद्मिनी:
फिटर म्हणतात त्यात थोडी भर. मी निवृत्त शिक्षक, माझ्याकडे अजून प्रीमियर पद्मिनी आहे, 1089 सीसी, आणि ती पावसाळ्यात दरवर्षी एकदा तरी मला अडवते. पहिल्या पावसानंतर डेल्कोच्या, म्हणजे प्रत्येक प्लगला पाळीने करंट वाटणाऱ्या डब्याच्या, कॅपमध्ये आत दमट होते, कॅपला केसासारखी बारीक चीर असली तर करंट त्या चिरेतूनच पळतो आणि प्लगपर्यंत पोचत नाही. कॅप काढा, आतून उन्हाकडे धरून बघा, पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ दिसली तर तीच ती. कोरड्या सुती कापडाने पुसा.
कॅप काढलीच आहे तर आणखी एक पाहून घ्या, कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि आतला रोटर फिरतो का ते बघा. सेल्फ फिरतोय आणि रोटर जागचा हलत नाही म्हणजे टायमिंग बेल्ट तुटलेला, मग पुढचे काहीच तपासायची गरज नाही. बेल्ट तुटला की सेल्फचा आवाजही वेगळा येतो, घर्रघर्र असे अडखळत न येता एकसारखा हलका येतो, कारण कॉम्प्रेशनच होत नाही.
आणि पॉइंटवाला, म्हणजे करंट जोडतोड करणाऱ्या दोन टिकल्यांचा, डेल्को असेल तर पॉइंटवर सात महिन्यांत राख धरलेली असणार. बारीक पॉलिश पेपर फिरवा, गॅप पाव मिलिमीटरही नको आणि अर्ध्याच्या पुढेही नको. तुमच्या सालाच्या गाडीत पॉइंट नसतीलही, उघडल्यावर कळेलच.

बीड_सुमो:
माझी डिझेल हाय त्यामुळं मला कारबोरेटरचं जास्त कळत नाही पण आमच्याकडं अशा वेळी चार पोरं लावून धक्का मारत्यात, सेकंडला टाकून क्लच सोडायचा, बऱ्याचदा धरते. करून बघा की.

परभणीचा_फिटर:
धक्का कवा मारायचा, सेल्फ फिरंना तवा. ह्यांचा सेल्फ जोरात फिरतोय, मग धक्क्यानं काय वेगळं होणार, इंजिन फिरायचं ते सेल्फनं फिरतंयच. उलट सात महिन्यांनी उभी गाडी, ब्रेक धरलेत का सुटलेत माहीत नाही, उताराला ढकलू नका.

औसा_तालुका_24:
धन्यवाद सगळ्यांना. आज सकाळी उठून सगळं केलं, वडील खुर्ची टाकून शेजारी बसलेले, सेल्फ मारायला आईला बसवलं.
बॅटरी 12.7, सेल्फ मारताना 10.6. प्लग तिन्ही कोरडे खडखडीत, वास पण नाही. करंट निळा, टक टक आवाज येतो, तिन्ही वायरींना. रोटर फिरतो. सरांनी सांगितल्यावरून कॅप आतून बघितली, रेघ नाही. म्हणजे काढलेली जुनी कॉइल पण चांगलीच असणार असं आता वाटायलंय, ते जाऊ द्या.
आता पुढं काय करू? कारबोरेटरमदी पेट्रोल येत नाही हे तर नक्की दिसतंय.

परभणीचा_फिटर:
तुमच्या आईला नमस्कार सांगा, अर्धं काम झालं. आता पेट्रोल कुठं अडलं ते मागं मागं जात शोधायचं, टाकी ते कारबोरेटर.
आधी पक्कं करू की पेट्रोल दिलं तर इंजिन धरतंय. मेडिकलमधून सुई नसलेली सिरिंज आणा, 5 मिली ताजं पेट्रोल कारबोरेटरच्या तोंडात सोडा, पेट्रोलची बाटली दहा पावलं लांब नेऊन झाकण लावून ठेवा, एअर फिल्टरचा डबा परत बसवा आणि मगच सेल्फ. उघड्या कारबोरेटरवर तोंड वाकवून कुणी उभं राहायचं नाही, मागं जाळ येतो, मी एका पोराच्या भुवया जळालेल्या बघितल्यात. ओलं पोतं जवळ ठेवा. दोन तीन सेकंद इंजिन चाललं आणि बंद पडलं तर करंट, टायमिंग, कॉम्प्रेशन सगळं ठीक, फक्त पेट्रोल नाही.
मग एसी पंप, म्हणजे टाकीतनं पेट्रोल ओढणारा पंप. तुमच्या गाडीत पंप इंजिनवरच बसवलेला, आतल्या रबरी पडद्यावर चालणारा. टाकीकडनं येणारा पाइप पंपापासून काढा, कुठला पाइप कुठं होता त्याचा आधी मोबाईलवर फोटो काढा. पंपाच्या त्या तोंडाला हातभर नवीन पाइप लावून बाटलीतल्या पेट्रोलात बुडवा. पंपातून कारबोरेटरकडं जाणारा पाइप दुसऱ्या बाटलीत सोडा, कॉइलची वायर काढून ठेवा म्हणजे करंट नको, आणि सेल्फ मारा. चिळकांड्या उडाल्या तर पंप चांगला, बिघाड त्याच्या मागं. नाही उडाल्या तर पंपाचा पडदा गेला. पडदा फाटला असंल तर पेट्रोल खाली ऑइलमदी उतरतं, म्हणून ऑइलची काडी काढून वास घ्या, ऑइल वाढलेलं आणि पेट्रोलचा वास असंल तर ऑइल बदलल्याशिवाय गाडी चालू करायची नाही, बेअरिंग जातील.
आणि तोंडानं पाइप ओढू नका.

नांदेड_पद्मिनी:
टाकीतले पेट्रोल सात महिन्यांचे आहे हेही लक्षात घ्या. थोडे काचेच्या बरणीत काढून बघा. ताज्या पेट्रोलचा वास नाकात जातो, शिळ्याचा जुन्या वॉर्निशसारखा आंबट येतो. हल्लीच्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असते, ते हवेतले पाणी ओढून घेते, आणि आपल्या गाड्यांचे रबर त्या काळचे, त्याला ते सोसत नाही. मी मागच्या वर्षी सगळे रबरी पाइप बदलून घेतले, हात लावला की पापडासारखे मोडत होते.

औसा_तालुका_24:
दोन दिवसांनी लिहायलोय, सोमवारी लातूरला जावं लागलं होतं.
सिरिंजनं पेट्रोल दिलं आणि आईनं सेल्फ मारला, गाडी चक्क चालू झाली, तीन एक सेकंद, आणि गेली. वडील खुर्चीतनं उठले, गुडघ्याचं विसरून. तिथंच कारबोरेटर नवं घ्यायचा विषय संपला.
मग बाटलीवर पंप तपासला. पहिले सात आठ फेरे काही नाही, मग जोरात चिळकांड्या. ऑइलला वास नाही. म्हणजे पंप चांगला, बिघाड मागं. फिल्टर काढून टाकीकडच्या पाइपात सायकलच्या पंपानं हवा मारली, टाकीचं झाकण उघडून कान लावला तर आत गुडगुड आवाज. म्हणजे पाइप तुंबलेला पण नाही. इथं मी अडकलो. पेट्रोल हाय, पाइप मोकळा, पंप चांगला, मग येईना कामून?
वडील म्हणले क्लिप सोड सगळ्या. खालून येणाऱ्या लोखंडी नळीवर जो वीतभर रबरी पाइप बसतो त्याची क्लिप काढली आणि पाइप हातात वाकवला तर क्लिपच्या बरोबर खाली अर्धा गोल चीर, आतलं रबर काळं चिकट झालेलं, बोटाला डांबरासारखं लागलं. बाहेरून एक थेंब ओल नव्हती म्हणून माझं तिकडं लक्षच गेलं नाही.

परभणीचा_फिटर:
सापडलं. पंपाच्या मागचा पाइप हाय तो, पंप त्यातनं ओढतो, ढकलत नाही. ओढणाऱ्या बाजूला चीर पडली की पेट्रोल बाहेर येत नाही, हवा आत जाते. पंप सगळा वेळ हवाच ओढत बसतो. पुढच्या बाजूला चीर असती तर थेंब दिसला असता आणि तुमच्या मेकॅनिकला पण दिसला असता. त्याची पण चूक म्हणता येत नाही पूर्ण, पण प्लग कोरडे बघून कॉइल बदलायला नको होती.
सगळेच रबरी पाइप बदला, पेट्रोलचाच पाइप मागा, दुकानदार कधी कधी पाण्याचा पारदर्शक देतो, तो आठ दिवसात कडक होतो. फिल्टर नवीन. टाकीतलं जुनं काढून टाका.

औसा_तालुका_24:
तसंच केलं. चार पाइप, फिल्टर आणि आठ क्लिपा, सगळे मिळून चारशेच्या आत. जुनं पेट्रोल काढलं, बरणीत बघितलं तर चहासारखा रंग, सर म्हणले तसाच वास. पाच लिटर ताजं टाकलं. चोक ओढून सेल्फ मारला, पहिल्यांदा नाही, दुसऱ्यांदा नाही, कारबोरेटरचा डबा भरेपर्यंत वेळ लागला असंल, तिसऱ्यांदा भक्क भक्क करून धरली. मागनं पांढरा धूर आला थोडा आणि मग साफ.
चोक आत ढकलला की अजून घुटमळतीय, आयडलला दोन मिनिटांनी बंद पडते. जेटमदी, म्हणजे कारबोरेटरच्या पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकांमदी, जुन्या पेट्रोलचा चिकटपणा बसला असंल असं वाटतंय. उद्या वरचं झाकण काढून जेट धुतो, तार घालायची नाही ना आत?

परभणीचा_फिटर:
तार अजिबात नाही, भोक मोठं झालं की ॲव्हरेज गेलं. कारबोरेटर क्लीनर आणि हवा, एवढंच. गास्केट आधी आणून ठेवा, जुनं काढताना फाटतंच. आणि वडलांना विचारून करा, त्यांना गाडी जास्त कळते असं दिसतंय.