बीओएममध्ये मटेरियलचा ग्रेड कसा आणायचा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, सॉलिडवर्क्स या थ्रीडी डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये असेंब्लीच्या (अनेक पार्ट जोडून बनलेल्या मॉडेलच्या) ड्रॉइंगला बीओएम टेबल (बिल ऑफ मटेरियल्स, म्हणजे लागणाऱ्या पार्ट्सची यादी) लावलंय. पार्टच्या कस्टम प्रॉपर्टीजमध्ये (फाइलसोबत साठवल्या जाणाऱ्या माहितीच्या रकान्यांत) मटेरियल आणि मास (वस्तुमान) लिंक केल्यामुळे ते दोन कॉलम आपोआप भरतात. इथवर सगळं ठीक.

पण खरेदी विभागाला नुसतं ‘अलॉय स्टील’ पुरत नाही. ग्रेड (त्या धातूचा नेमका प्रकार) आणि यील्ड स्ट्रेंग्थही (ज्या ताणाला धातू कायमचा वाकू लागतो ती मर्यादा) त्याच ओळीत हवी (आणि त्यांचं बरोबरच आहे म्हणा). सॉफ्टवेअरची मूळ मटेरियल लायब्ररी एडिट होत नाही, म्हणून मटेरियल कॉपी करून त्याच्या कस्टम टॅबमध्ये ग्रेड भरला. मटेरियलच्या विंडोत तो दिसतो, बीओएममध्ये मात्र कॉलम कोराच. पार्टमध्ये हाताने टाइप केला की येतो, पण उद्या मटेरियल बदललं तर नाव ॲल्युमिनियमचं आणि ग्रेड स्टीलचा!

त्यात एका ब्रॅकेटची दोन कॉन्फिगरेशन्स (एकाच फाइलमधले दोन पर्याय) आहेत: एक स्टीलचं, घनता ७८५० किलो प्रति घनमीटर, दुसरं ॲल्युमिनियमचं, २७००. म्हणजे ग्रेडही कॉन्फिगरेशननुसार बदलायला हवा.

लायब्ररीत एकदाच भरून तो थेट टेबलात आणता येतो का? की मॅक्रोशिवाय (हे काम आपोआप करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमशिवाय) गत्यंतर नाही? कोणी हे केलं असेल तर प्रॉपर्टी नेमकी कशी लिंक केली, तेवढं सांगा. स्क्रीनशॉट मिळाला तर फारच उत्तम.